न लागू देणं हाही खेळच आहे : निवड समिती आणि पंचांना खुलं पत्र

प्रति,
मा. निवड समिती सदस्य, मा. पंच आणि स्पर्धा संयोजक,
मुष्टियुद्ध स्पर्धा, खान्देश

विषय : युवा गट, मुली, ५४ किलो या वजनगटाच्या निवड लढतीचा निकाल आणि बचावाच्या शैलीनं खेळणाऱ्या खेळाडूंना मिळणारी वागणूक

महोदय,

गेल्या महिन्यातल्या निवड चाचणीत आमच्या गावची सतरा वर्षांची पोरगी अंतिम लढतीत गुणांवर हरली, असं आपण जाहीर केलं. हरल्याची कुरकुर करायला मी बसलेलो नाही. रिंगमध्ये दोघी उतरतात आणि हात एकीचाच वर होतो, हे आम्ही पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगतो. पण निकालानंतर मी टेबलाशी जाऊन नम्रपणे कारण विचारलं, तेव्हा आपल्यातल्या एका सदस्यांनी जे उत्तर दिलं ते मला गप्प बसू देत नाही. ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे हो, पण नुसती चुकवते. आधी मारायला शिकवा, मग आणा."

आजूबाजूच्या तीन-चार प्रशिक्षकांनी माना डोलावल्या. प्रेक्षकांतही लढतभर हेच चाललं होतं. "नुसती पयस ती!" (नुसती पळते ती) असं कोणीतरी ओरडत होतं आणि लोक त्याला साथ देत होते. लोकांचं मी मनावर घेत नाही, ते तिकीट नसलेल्या खेळाला प्रेमानं येतात. पण तोच सूर पंचांच्या टेबलावरून यावा, हे मला मान्य नाही. लेखी अर्ज दिला. त्याची पोचही मिळाली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या समोर लिहीत आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी पारोळा तालुक्यातला माजी सैनिक. सैन्यात असताना रेजिमेंटच्या संघातून बॉक्सिंग केलं, निवृत्तीनंतर गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी पोरापोरींना शिकवतो. फी घेत नाही. आम्हाला ज्या काळात शिकवलं गेलं, तेव्हा पुढे चालत जायचं, दोन खायचे आणि तीन द्यायचे, हाच धडा होता. मी तसाच खेळलो आणि टाळ्याही पुष्कळ मिळवल्या. आज माझ्या नाकाचं हाड वाकडं आहे, उजव्या कानानं नीट ऐकू येत नाही, आणि माझ्या बरोबरीचा एक मित्र घरचा रस्ता विसरतो. त्यामुळे न लागू देता कसं खेळायचं, हा प्रश्न माझ्यासाठी शैलीच्या आवडीनिवडीचा नाही. पोरांना शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी एकच ठरवलं होतं की माझ्या हाताखालून गेलेलं पोर पन्नाशीत आपल्या नातवाचं नाव विसरता कामा नये.

ही पोरगी माझ्याकडे खो-खोतून आली. शाळेच्या संघात ती संरक्षणाला उतरायची. पाठलाग करणारी अगदी अंगावर आली की खांदा एकीकडे टाकायचा, पाय दुसरीकडे न्यायचा आणि हूल देऊन निसटायचं, हे तिच्या पायात आधीपासूनच होतं. खो-खोत उत्कृष्ट आक्रमकाचं बक्षीस असतं तसं उत्कृष्ट संरक्षकाचंही असतं, आणि तिच्या घरी भिंतीवर ते टांगलेलं आहे. पाठीवर हात पडू न देता जी जास्त वेळ मैदानात टिकते तिला आपण महाराष्ट्रात डोक्यावर घेतो. तिला 'पळपुटी' म्हणणारा प्रेक्षक मला आजवर खो-खोच्या मैदानावर भेटलेला नाही.

ती डावखुरी आहे. तिचा खेळ ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी एकच हालचाल सांगतो. समोरची जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकणार हे तिला हाताकडे बघून कळत नाही, खांद्यावरून कळतं. खांदा किंचित वर आला की हिचं डोकं उजवीकडे सरकतं, फार नाही, मुठीच्या रुंदीइतकंच. त्याच वेळी तिचं उजवं पाऊल समोरचीच्या डाव्या पावलाच्या बाहेर पडतं. हातमोजा कानाजवळून जातो. समोरची अजून आपला हात मागे घेत असते आणि हिचा डावा सरळ ठोसा तिच्या छातीवर किंवा हनुवटीवर पोचलेला असतो. मग ही त्या जागेवर थांबत नाही. पिव्होट घेऊन, म्हणजे एका पावलावर गिरकी घेऊन, बाजूला गेलेली असते, आणि समोरची जिकडे परतीचा हुक, म्हणजे बाजूनं वळवलेला ठोसा, फिरवते तिकडे कोणीच नसतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं. व्हरांड्याच्या दोन खांबांना खांद्याच्या उंचीवर दोर बांधून, त्याखालून डोकं इकडून तिकडे काढत ती रोज पुढे-मागे चालते. दोराला केस लागला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी सांगितलेलं नाही, तिनंच तो नियम लावून घेतला आहे.

डोकं हलवलं म्हणजे ती घाबरली, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिच्या जागी उभं राहून बघावं. येणाऱ्या ठोशाकडे डोळे उघडे ठेवून, मागे न सरकता, तो अंगावर येईपर्यंत थांबायला जी छाती लागते ती दोन्ही हात झाकून पुढे घुसायला लागत नाही. मी दोन्ही केलं आहे, म्हणून सांगतो.

आता लढतीबद्दल. तिच्या भावानं मोबाइलवर अख्खी लढत टिपली आहे. मी ती वेग कमी करून पाहिली, माझ्या वर्गातल्या पोरांना कागद-पेन देऊन पाहायला लावली. समोरची पोरगी ताकदीची आहे, दमाची आहे, तिला मी मनापासून मानतो. ती तिन्ही फेऱ्यांत पुढे येत राहिली आणि हात चालवत राहिली. पण तिचे बहुतेक ठोसे आमच्या पोरीच्या हातमोज्यांवर, दंडावर नाहीतर हवेत गेले. दुसऱ्या फेरीत स्वच्छ लागलेले तिचे ठोसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. आमच्या पोरीचे त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. प्रत्येक वेळी हातमोजा दंडावर आदळला की फाट्कन आवाज होत होता आणि हॉल ओरडत होता. आमच्या पोरीचा सरळ ठोसा पोटावर बसला की आवाजच होत नव्हता.

माझी पहिली तक्रार हीच आहे. गुण कशाला द्यायचे हे नियमात स्पष्ट आहे. डोक्याच्या किंवा कमरेच्या वर शरीराच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर, मुठीच्या बोटांच्या सांध्यांनी, अडथळ्याशिवाय बसलेला दर्जेदार ठोसा पहिला. त्यानंतर तंत्र आणि डावपेचांतली सरशी. त्यानंतर झुंजारपणा. हातमोज्यावर अडवलेला ठोसा यात कुठेच बसत नाही. पुढे कोण चालत होतं, हेही बसत नाही. समोरचीला चुकायला लावणं, तिला आपल्या अंतरावर खेळवणं, तिचा हल्ला संपतो तिथून आपला सुरू करणं, ही डावपेचांतली सरशी नाही तर दुसरी कोणती? नुसत्या चुकवण्याला गुण द्या असं मी म्हणत नाही. चुकवून मारलेल्या ठोशाला तोच मान द्या जो धावून मारलेल्याला देता. आणि न लागलेला ठोसा लागला असं धरू नका.

दुसरी तक्रार ताकिदीची. दुसऱ्या फेरीत रेफरींनी लढत थांबवून आमच्या पोरीला बचाव फार करते म्हणून ताकीद दिली. साधी समज नाही, गुण कापणारी ताकीद. त्यामुळे प्रत्येक पंचाच्या पत्रिकेतून तिचा एकेक गुण गेला. आता नियमात काय म्हटलं आहे ते बघा. दोन्ही हातांनी चेहरा झाकून नुसतं उभं राहणं, मुद्दाम पडणं, पाठ फिरवणं, ठोसा टाळायला रिंगभर पळत सुटणं, हा दोष आहे. माझी पोरगी यातलं काय करत होती? व्हिडिओत ती एकदाही पाठ फिरवत नाही. दोन्ही हात झाकून ती एकदाही थांबत नाही, उलट तिचा पुढचा हात सदैव खालीच असतो. चुकवून ठोसा मारणं आणि चुकवून पळणं यातला फरक रेफरीला दिसायला हवा. दिसत नसेल तर त्यांना तो दाखवण्याची सोय समितीनं करायला हवी. त्या एका गुणावर निकाल फिरला की नाही, हे मला सांगता येत नाही, त्याचं कारण पुढच्या तक्रारीत आहे.

तिसरी तक्रार : गुणपत्रिका आम्हाला दाखवल्याच नाहीत. 'दोन विरुद्ध एक' इतकंच माइकवरून सांगितलं. कोणत्या फेरीत कोणी कुणाला किती दिले, काही कळलं नाही. मागितल्या तर "तशी पद्धत नाही" असं उत्तर मिळालं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक फेरीनंतर पंचांचे गुण पडद्यावर दिसत होते आणि खेळाडूला माहीत असायचं की आपण मागे आहोत की पुढे. आम्हाला पडदा नको. एका कागदावर लिहून भिंतीला डकवा. हरलेल्या पोरीला घरी जाताना एवढं तर कळू द्या की ती कुठल्या फेरीत हरली, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला काय शिकवायचं ते मला कळेल.

चौथी तक्रार रिंगबद्दल, आणि ही मला सगळ्यात जास्त झोंबलेली आहे, कारण ती कोणाच्या मतावर अवलंबून नाही. लढतीच्या आदल्या संध्याकाळी मी टेप लावून रिंग मोजली. दोरांच्या आतून सोळा फूट भरली. आंतरराष्ट्रीय नियमात ६.१० मीटर, म्हणजे वीस फूट हवी. एका बाजूला चार फूट म्हणजे थोडं वाटतं, पण क्षेत्रफळ काढा. चारशे चौरस फुटांच्या जागी दोनशे छप्पन्न. मैदानाचा तिसरा हिस्साच गायब. रिंग दोघींना सारखीच होती, असं आपण म्हणाल. तसं नसतं. जी पुढे घुसून दोरांवर दाबते तिला लहान रिंग मदत करते, आणि जिची सगळी विद्या पायांत आहे तिचे पाय ती बांधते. त्यावर अंथरलेलं कॅनव्हासही सैल होतं. खालचा फोम जागोजाग दबलेला. पिव्होट घेताना आमच्या पोरीचा बूट दोनदा कापडाच्या घडीत अडकला, ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं, आणि त्यातल्या एका वेळी तिला लढतीतला सर्वात जोरात ठोसा बसला.

पंच कुठे बसले होते, हेही सांगायला हवं. दुसरी फेरी चालू असताना पाहुणे आले. माइकवरून नावं पुकारली गेली, शाल-श्रीफळ झालं. एका बाजूचे पंच त्या वेळी मान वळवून नमस्कार करत होते. पाहुण्यांचा मान राखावा, जरूर राखावा, लढत संपल्यावर राखावा. तीन मिनिटांची फेरी असते. त्यातले वीस सेकंद न पाहता दिलेला गुण हा गुण नाही. आणि तीन पंचांपैकी एक जण ज्या केंद्रात शिकवतात तिथेच समोरची पोरगी सरावाला जाते. त्यांच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही, ते माझ्या ओळखीचे आहेत आणि सज्जन आहेत. पण असा पंच बसवून आपण त्यांनाही अडचणीत टाकता. त्यांनी आपल्या पोरीला गुण दिले तरी लोक बोलणार, नाही दिले तरी घरचे बोलणार.

कपडे बदलायला मुलींना खोली नव्हती, वजनाला सकाळी सहाला बोलावून लढत दुपारी तीनला लावली, हे सगळं आहेच. त्यावर दर वर्षी बोलून झालं आहे.

महोदय, हा प्रश्न खान्देशापुरता नाही आणि नवाही नाही. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सनं दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनला तीन फेऱ्या नुसतं खेळवलं. त्या वेळच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले होते आणि पार्कचे ३२. पंचांनी ३-२ नं पार्कला विजयी केलं. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक मात्र जोन्सला दिला. त्या निकालानं इतकी नाचक्की झाली की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून बटण दाबून गुण मोजायची यंत्रणा आणली. तीही पुरेशी ठरली नाही. १९९६ ला अटलांटात अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर उपांत्य लढतीत बल्गेरियाच्या सेराफिम टोडोरोव्हकडून १०-९ असा हरला. तोच मेवेदर पुढे व्यावसायिक कारकिर्दीत ५० लढती खेळला आणि पन्नासच्या पन्नास जिंकला. खांदा वळवून ठोसा घसरवायचा आणि लगेच उलटा मारायचा, हाच त्याचा खेळ होता. त्याला कोणी "आधी मारायला शीक" म्हणून घरी पाठवलं असतं तर?

२०१३ पासून फेरीगणिक दहा गुणांची पद्धत आली, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला त्याहून कमी. तरी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या निकालांवरून एवढा गदारोळ झाला की तिथल्या सर्व ३६ रेफरी-पंचांना टोकियोपासून दूर ठेवलं गेलं, आणि २०२१ मध्ये कॅनडाचे कायदेतज्ज्ञ रिचर्ड मॅक्लॅरन यांच्या चौकशी अहवालानं निकालांत हेराफेरी झाल्याचं सांगितलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आपला खेळ असेल की नाही, हे मार्च २०२५ पर्यंत नक्की नव्हतं. पंचगिरीवरचा अविश्वास हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. वरचे लोक जे करतात ते आपल्या हातात नाही. पण विश्वास गेला की खेळच जायची वेळ येते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

सोलच्या गोष्टीचा शेवट फार जणांना माहीत नाही. २०२३ मध्ये पार्क सी-हुन फ्लोरिडात रॉय जोन्सच्या घरी गेले आणि आपलं सुवर्णपदक त्यांच्या हातात दिलं. पस्तीस वर्षं तो माणूस चुकीच्या निकालाचं ओझं वाहत होता, आणि निकाल त्यानं दिलेला नव्हता. म्हणून मी म्हणतो, चुकीच्या निकालानं जिंकणाऱ्या पोरीवरही अन्याय होतो. आमच्या पोरीच्या समोर लढलेली मुलगी लढत संपल्यावर तिच्या गळ्यात पडली होती. या दोघींना भांडायला लावू नका. त्या पुढची दहा वर्षं एकमेकींविरुद्ध खेळून एकमेकींना मोठ्या करतील.

या निकालाची किंमत काय, हेही सांगतो. पोरीची आई कापूस वेचायला जाते, बाप ट्रॅक्टरवर आहे. राज्य पातळीचं प्रमाणपत्र हे या घरात शोकेसमध्ये ठेवायचं नसतं. बारावीला क्रीडा गुण मिळतात, आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी आधी राज्यापर्यंत पोचावं लागतं आणि राज्याचं दार आपल्या टेबलावरून उघडतं. लढतीनंतर तिच्या आईनं फोन केला तेव्हा निकाल विचारलाच नाही. "भाऊ, तिले लागनं नही ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. तीन फेऱ्या खेळून आलेल्या पोरीच्या चेहऱ्यावर एक वळ नव्हता.

आता त्याच्या उलट उदाहरण. त्याच चाचणीत शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा डोक्यावर ठोसे खाऊन डगमगत होता, रेफरींनी लढत थांबवली ते योग्यच केलं. हॉलनं त्या मुलाला उभं राहून टाळ्या दिल्या, 'वाघ' म्हटलं, संयोजकांनी त्याला पुष्पगुच्छ दिला. पुढच्याच रविवारी तो दुसऱ्या गावी रिंगमध्ये होता. डोक्याला मार बसून लढत थांबली तर किमान ३० दिवस खेळायला मनाई असते, हे त्याला कोणी सांगितलं नाही, त्याच्या नोंदवहीत कोणी लिहिलं नाही. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, कारण तिथे डॉक्टरच नव्हते. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोक्यावर मार खाल्लेल्या बॉक्सरांच्या मेंदूचं काय होतं ते लिहून ठेवलं. शंभर वर्षं होत आली. पोरं बघतात की मार खाणाऱ्याला पुष्पगुच्छ मिळतो आणि मार न खाणारीला ताकीद. ती त्यातूनच शिकणार, माझ्या व्हरांड्यातल्या दोरातून नाही. चाचणीहून आल्यापासून माझ्या वर्गातली दोन लहान पोरं डोकं हलवायचं सोडून हात झाकून पुढे घुसायला लागली आहेत. विचारलं तर म्हणाली, "आबा, तसंच जिंकता येतं ना?" या पत्राचं खरं कारण तेच आहे.

आपला भाग कुस्तीचा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा तिन्ही जिल्ह्यांनी गुलाल उधळला. मुष्टियुद्धात नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा गटात जगज्जेती झाली. महाराष्ट्राच्या मुली तिथवर जातात. २०२५ मध्ये लिव्हरपूलला हरियाणाच्या जॅस्मिन लांबोरियानं ५७ किलोत जागतिक सुवर्ण घेतलं, ते उंची आणि लांब हात वापरून, अंतर राखून. जगात आज जो खेळ जिंकतो आहे तोच खेळणारी एक पोरगी तापीच्या या खोऱ्यात आहे, आणि आपण तिला तो सोडून द्यायला सांगत आहात. ती जगज्जेती होईल असं मी म्हणत नाही. तिला अजून जवळच्या झटापटीत हात बांधून घ्यायची सवय आहे, तिसऱ्या फेरीत तिचा दम थोडा कमी पडतो, आणि पुढे असताना ती हात कमी चालवते. यावर आम्ही काम करतो आहोत. पण तिच्या खेळाचा पाया पक्का आहे आणि तो हलवायचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

माझ्या मागण्या अशा :

या लढतीच्या फेरीनिहाय गुणपत्रिका आम्हाला आणि समोरच्या खेळाडूलाही लेखी द्याव्यात. गुणपत्रिका ठेवल्याच नसतील, तर तसं लेखी सांगावं.

लढतीचा व्हिडिओ मी देतो. जिल्ह्याबाहेरच्या तीन पात्र पंचांना तो दाखवावा आणि ताकीद नियमात बसत होती का, यावर त्यांचं मत घ्यावं. त्यांनी बसत होती असं म्हटलं तर मी ते मान्य करीन आणि इथेच जाहीरपणे लिहीन. बसत नव्हती असं म्हटलं तर राज्याच्या यादीआधी या वजनगटाची चाचणी पुन्हा घ्यावी, वीस फुटी रिंगमध्ये. आधीचा निकाल रद्द करून आमच्या पोरीला थेट पाठवा, अशी मागणी मी करत नाही.

यापुढे प्रत्येक लढतीची गुणपत्रिका त्याच दिवशी हॉलमध्ये लावावी. ज्याच्या केंद्राचा खेळाडू रिंगमध्ये आहे त्या प्रशिक्षकाला पंच म्हणून बसवू नये. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांनी आपापले पंच अदलाबदलीनं दिले तरी हा प्रश्न सुटतो, त्याला खर्च लागतो तो एसटीच्या भाड्याचा.

पंच आणि रेफरींसाठी दर हंगामाआधी एक दिवसाचं शिबिर खान्देशातच घ्यावं. त्यात व्हिडिओ लावून ठोसा लागला की अडवला, बचाव सक्रिय की निष्क्रिय, हे समोरासमोर ठरवावं. आमच्यासारख्या प्रशिक्षकांनाही मागे बसू द्यावं. जागा मिळत नसेल तर आमच्या शाळेचा हॉल मी मुख्याध्यापकांना विचारून मिळवून देतो. जेवणाची सोय गाव करेल, तसं मी बोलून ठेवलं आहे.

रिंगच्या बाजूला डॉक्टर असल्याशिवाय एकही लढत सुरू करू नये. लढत थांबवली गेली तर मनाईची तारीख खेळाडूच्या नोंदवहीत तिथेच लिहावी आणि पालकांना वाचून दाखवावी. फेरी चालू असताना सत्कार, भाषण, फोटो काहीही होऊ नये.

आणि शेवटची मागणी पैशाची नाही, कागदाचीही नाही. हॉलमध्ये माइक आपल्या हातात असतो. निवेदकानं पहिल्या लढतीआधी दोन मिनिटं लोकांना सांगावं की गुण कशाला मिळतो. आमच्याकडचा प्रेक्षक अडाणी नाही. कुस्तीच्या फडात डावाला दाद देतो तशी डावाच्या तोडीलाही देतो. त्याला या खेळात काय बघायचं ते कोणी सांगितलेलं नाही, इतकंच.

पोरगी सरावाला येते आहे. पुढच्या चाचणीला ती नाव देणार आहे, याच वजनगटात, आणि ती असंच खेळणार आहे. हे मी तिला विचारून लिहिलं आहे. या पत्रासोबत पूर्वीच्या अर्जाची प्रत, रिंग मोजतानाचे फोटो आणि व्हिडिओची चकती जोडली आहे. राज्याची यादी जाण्याआधी लेखी उत्तर मिळावं आणि या वेळी पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
एक माजी सैनिक व प्रशिक्षक
पारोळा तालुका, खान्देश